हाड गेले, पाय राहिला

(हाडातली गाठ काढल्यानंतर बसवायच्या धातूच्या हाडाविषयी, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

नांदेडहून लातूरकडे पहाटे निघालात, तर लोहा, अहमदपूर, चाकूर या साऱ्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे दिसतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला फौजेत जायचे असते. घड्याळ लावून सोळाशे मीटर मारायचे, घरी येऊन जनावरांचे बघायचे आणि मग अभ्यासिका गाठायची, असा त्यांचा दिवस. त्यांच्याच वयाची हजारो मुले-मुली लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांत दिवसाचे दहा-बारा तास बाकावर बसून नीटची तयारी करत असतात. या दोन्हीकडच्या मुलांचे गुडघे अधूनमधून दुखतात आणि आठ-पंधरा दिवसांत थांबतात. हजारोंतल्या एखाद्याचे मात्र थांबत नाही. ही पुस्तिका त्या एखाद्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिली आहे.

हाडात सुरू होणारा कर्करोग दुर्मीळ आहे. सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात जेमतेम एक. पण तो नेमका कोवळ्या वयात गाठतो. ऑस्टिओसार्कोमा हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार दहा ते वीस या वयात, उंची भराभर वाढत असताना होतो आणि निम्म्याहून अधिक वेळा गुडघ्याच्या वर किंवा खाली बसतो; म्हणजे मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नाही तर नडगीचे वरचे टोक. यूइंग सार्कोमा त्याच वयातला. जायंट सेल ट्यूमर ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण विशी ते चाळिशीतल्या माणसाच्या हाडाचे टोक पोखरून अंड्याच्या कवचासारखे करून टाकते. उतारवयात कूर्चेपासून होणारा काँड्रोसार्कोमा वेगळा. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालतील. एवढे मात्र प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे, की यातले काहीही धावल्याने, पडल्याने किंवा खाण्यापिण्यातल्या चुकीने होत नाही. 'मीच त्याला शेतावर पाठवलं' म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला खात बसलेल्या माउल्या मी पाहिल्या आहेत. त्यांची काहीही चूक नव्हती.

चूक झाली असेल तर ती पुढे होते, आणि त्यात आम्ही डॉक्टरही येतो. नांदेडला हाडांचा डॉक्टर म्हणून काम सुरू केल्याला मला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. मुखेड तालुक्यातली नववीतली एक मुलगी आईसोबत आली होती. उजव्या गुडघ्याच्या जरा वर दुखत होते, किंचित सूज होती. पंधरा दिवसांपूर्वी विहिरीवर घसरून पडल्याचे तिने सांगितले आणि मी तेच धरून बसलो. मुका मार समजून पट्टा दिला, गोळ्या दिल्या. रात्री झोप लागते का, हे विचारले नाही. एक्स-रे लिहिला नाही, कारण आईच्या पदराच्या गाठीला परतीच्या एसटीपुरतेच पैसे होते आणि मला वाटले, कशाला खर्चात पाडायचे. अडीच महिन्यांनी ती परत आली तेव्हा मांडीचा खालचा भाग फुगला होता, कातडी ताणून चकाकत होती, निळ्या शिरा उमटल्या होत्या. मधल्या काळात गावात दोनदा चोळून झाले होते, लेप लावून झाला होता. पाय मांडीपासून काढावा लागला. वर्षभरात ती गेली. त्या दिवशी एक्स-रे काढला असता तर ती वाचलीच असती असे मी म्हणू शकत नाही. पण तो काढायला हवा होता आणि न लिहिणारा हात माझा होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे आणि माझ्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येकाला तो सांगितला आहे. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा दोन-तीन आठवडे दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा हाडाला लागून टणक सूज हाताला लागत असेल, तर पडल्याची कहाणी कितीही पटणारी असो, एक्स-रे काढायचा. समोरून एक, बाजूने एक. काही शे रुपयांचे हे काम तालुक्याच्या गावी होते. आणि निदान होईपर्यंत त्या पायाला कुणी चोळायचे नाही, शेकायचे नाही, डाग द्यायचे नाहीत. हाडवैद्यांविषयी मला आकस नाही. खेड्यापाड्यांत त्यांनी अनेकांचे लचकलेले हातपाय सावरले आहेत. पण गाठ चोळण्याची वस्तू नव्हे.

आता ज्यासाठी ही पुस्तिका काढली आहे त्या धातूच्या हाडाकडे येतो. रुग्णाचे नातेवाईक त्याला 'रॉड' म्हणतात, डॉक्टर मेगाप्रोस्थेसिस म्हणतात. मोडलेल्या हाडात घालतात ती सळई वेगळी. ती असलेल्या हाडाला आधार देते. इथे हाडाचा वीतभर किंवा त्याहून मोठा तुकडा सांध्यासकट काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा धातूचा तुकडा आणि नवा सांधा बसवायचा असतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन या दोघांनी जायंट सेल ट्यूमर झालेल्या एका माणसाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तिथे व्हायटॅलियम या मिश्रधातूचा तुकडा बसवला आणि १९४३ साली त्याचा वृत्तान्त छापला. व्हायटॅलियम म्हणजे कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. त्याच जातीचा धातू आजही वापरात आहे. पुढे इंग्लंडमध्ये स्टॅनमोअरच्या रुग्णालयात एकेका रुग्णाच्या मापाची हाडे घडवली जाऊ लागली. तरीही ऑस्टिओसार्कोमाच्या मुलांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. पाय काढला तरी पाचांतली चार मुले दोनेक वर्षांत फुप्फुसात रोग पसरून जात. जगणेच हातात नसेल तर हाड कशाला घडवायचे, असा तेव्हाचा सवाल होता.

तो सवाल १९७०च्या दशकात केमोने सोडवला. कॅनडाचा टेरी फॉक्स हा मुलगा या संक्रमणकाळातला. १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. १९८० साली एका कृत्रिम पायावर तो कर्करोग संशोधनाला निधी मिळावा म्हणून देशभर धावायला निघाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि रोग फुप्फुसात गेल्याने त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी, वयाच्या २२व्या वर्षी तो वारला. आज रोग पसरण्याआधी योग्य उपचार सुरू झाले, तर दर दहांतली सहा-सात मुले वाचतात.

केमो आणि धातूचे हाड यांची गाठ कशी पडली, ही हकीकत मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात पाय वाचवायच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा मापाचे हाड कारखान्यातून घडून यायला दोन-तीन महिने लागत. तेवढे दिवस मुलाला नुसते बसवून ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून जेरल्ड रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर द्यायची औषधे आधीच सुरू केली. हाड येईपर्यंत गाठ आटत होती, दुखणे कमी होत होते आणि काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर औषधाने किती पेशी मेल्या हेही कळू लागले. नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी मेलेल्या असतील तर पुढची आशा चांगली, हे मोजमाप त्यातूनच आले. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो हा आज जगभर चालणारा क्रम एका कारखान्याच्या विलंबातून जन्माला आला आहे. 'एवढी गाठ दिसते आहे, मग आधी कापत का नाहीत?' असे नातेवाईक अस्वस्थ होऊन विचारतात, त्यांना मी ही हकीकत सांगतो.

आपल्या देशात या कामाची दोन मोठी ठाणी झाली. चेन्नईत डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी देशातच बनवलेली, ज्याच्या त्याच्या मापाची हाडे मोठ्या संख्येने बसवली. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, म्हणजे १९४१ साली सुरू झालेल्या आणि मराठवाड्यात नुसत्या 'टाटा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात, डॉ. अजय पुरी, डॉ. मनीष अगरवाल, डॉ. आशिष गुलिया यांच्यासारख्या शल्यविशारदांनी पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेला आकार दिला. परदेशी हाड काही लाखांना पडे. शिवाय आपल्याकडच्या मुलांची हाडे बारीक. परदेशी मापाचा दांडा त्यांच्या पोकळीत बसायचा नाही. म्हणून टाटाचे डॉक्टर, आयआयटी मुंबईतले प्रा. बी. रवी यांचे ऑर्थोकॅड केंद्र आणि हैदराबादची एनएफटीडीसी ही धातुसंशोधन संस्था यांनी केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या मदतीने देशी हाडाच्या रचनेवर काम केले. रत्नागिरी जिल्ह्यात देवरूखजवळच्या साडवलीला ॲडलर कंपनीचा कारखाना आहे. या कंपनीचे 'रेस्टॉर' हे मेगाप्रोस्थेसिस अनेक रुग्णालयांत वापरले गेले आहे. कोकणात घडलेले हाड कंधारच्या पोराच्या मांडीत बसावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

पूर्वी प्रत्येक रुग्णासाठी हाड वेगळे घडवावे लागे. पायाशेजारी मोजपट्टी ठेवून एक्स-रे काढायचा, फिल्म कारखान्यात पाठवायची आणि वाट पाहायची. आता बहुतेक वेळा सुट्या भागांचा संच वापरतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा तुकडा, मधले लहान-मोठ्या लांबीचे तुकडे, हाडाच्या पोकळीत शिरणारा दांडा आणि नडगीत बसणारा खालचा भाग. कुऱ्हाडीच्या तुंब्यात निमुळता दांडा ठोकून पक्का बसवतात, तसे हे तुकडे निमुळत्या खुंट्यांनी एकमेकांत घट्ट बसतात. धातू टायटॅनियमचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा असतो. गुडघा बिजागरीसारखा असतो, त्यातून आस जाते, आणि धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये कठीण प्लॅस्टिकचे बुश असते. ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका बापाला मी हे समजावत होतो, तेव्हा त्याने लगेच विचारले, ''म्हंजे बुश झिजल्यावर बदलावं लागंल की.'' बरोबर आहे, लागते.

अशी एक शस्त्रक्रिया मी मुंबईत शेजारी उभे राहून पाहिली आहे. रुग्ण माझ्याच भागातला होता, कंधार तालुक्यातला सतरा वर्षांचा, भरतीची तयारी करणारा मुलगा. गुडघा दुखायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याचा एक्स-रे निघाला होता. शल्यविशारदाने आधी बायोप्सीचा जुना व्रण डोळ्याच्या आकारात कातडीसकट कापून घेतला आणि तो गाठीवरच राहू दिला. मग गाठीला कुठेही न उघडता, तिच्याभोवती निरोगी स्नायूंचा थर ठेवत, हाडामागून जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नस अलगद सोडवली. यात तासाहून अधिक वेळ गेला आणि त्या वेळात खोलीत कुणी बोलत नव्हते. एमआरआयवर गाठ जिथे संपत होती त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर मोजून खूण केली आणि करवत चालवली. हाडाचा तुकडा गुडघ्यासकट ट्रेमध्ये आला. कापलेल्या टोकातला मगज तपासायला गेला. इकडे निघालेला तुकडा पट्टीने मोजून धातूचे भाग तेवढ्याच लांबीत जुळवले, आधी नुसते बसवून पाय वाकवून पाहिला, पावलावरची नाडी बोटाने तपासली. मगजात काही नाही असा निरोप आल्यावर दांड्याभोवती हाडाचे सिमेंट भरले. ते दहा-बारा मिनिटांत तापून घट्ट झाले. शेवटी बिजागरीतून आस सरकवली आणि धातूवर स्नायूंचे पांघरूण घातले. तिसऱ्या दिवशी मुलगा वॉकर धरून उभा राहिला. तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, ''सर, आता ग्राउंड मारता येईल का?''

नाही येणार, हे त्याला तिथेच सांगावे लागले. या पुस्तिकेतला सगळ्यात मोठा भाग याच गोष्टीला दिला आहे, आणि तो तसाच असायला हवा होता. धातूच्या हाडाने माणूस चालतो, जिने चढतो, बहुतेकांना सायकल किंवा गिअर नसलेली गाडी चालवता येते, दुकान सांभाळता येते, शाळेत शिकवता येते. पण उड्या, पळणे, डोक्यावर पोते घेऊन चढण चढणे हे त्या दांड्याला आणि बुशला सोसत नाही. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे सोडावे लागते. शहरातल्या माणसाला ही लहान गोष्ट वाटेल. आपल्याकडे जेवण जमिनीवर, भजन जमिनीवर, भांगलण आणि सोयाबीनची काढणी वाकून-बसून, संडासही उकिडव्याने. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीच घरात कमोडची किंवा बैठकीच्या खुर्चीची सोय करा, असे आम्ही सांगतो. पावसाळ्यात काळ्या रानात चिखलाने पाय ओढला जातो, तिथे जाऊ नका, असेही सांगतो. शेतावर जगणाऱ्या माणसाला हे सांगणे जड जाते, पण न सांगणे अधिक वाईट.

नडगीच्या वरच्या टोकाची शस्त्रक्रिया मांडीच्या मानाने नाजूक. तिथे गुडघ्याच्या वाटीची शीर हाडाला चिकटलेली असते आणि तीच पाय सरळ उचलते. हाड निघाले की ती शीर नव्या जागी जोडावी लागते, पोटरीचा स्नायू फिरवून धातूवर आणावा लागतो आणि साधारण सहा आठवडे गुडघा पट्ट्यात सरळ ठेवावा लागतो. या सहा आठवड्यांत घाई केलेल्यांचा पाय पुढे पूर्ण सरळ उचलला जात नाही.

आणि जंतुसंसर्ग. या शस्त्रक्रियेतला सर्वांत मोठा शत्रू हाच. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि धातूला रक्तपुरवठा नसतो. त्यावर जंतू बसले की औषध पोचत नाही. दात किडला, पायाला काटा रुतून पिकला, अंगावर गळू झाले, तरी रक्तातून जंतू त्या हाडापर्यंत जाऊ शकतात, आणि हे दहा वर्षांनीही होऊ शकते. म्हणून चप्पल घातल्याशिवाय अंगणातही उतरायचे नाही, दात दुखला तर लगेच दाखवायचे, ताप आला आणि गुडघा गरम लागला तर गावात इंजेक्शन घेत बसायचे नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने दांडा सैल होतो, बुश झिजते, क्वचित धातूही मोडतो. तरुण मुलात बसवलेले हाड आयुष्यभर पुरेल असे कोणीही सांगू नये. दुसरी, कधी तिसरी शस्त्रक्रिया लागेल हे धरूनच चालावे.

लहान मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकातून होते. ते टोकच काढले तर दुसरा पाय वाढत राहतो आणि हा मागे राहतो. त्यासाठी वाढवता येणारे हाड असते; लहानशा छेदातून किल्ली घालून आतला स्क्रू फिरवला की ते काही मिलिमीटर लांब होते. परदेशात चुंबकाने, छेदाशिवाय वाढवता येणारी हाडेही निघाली आहेत, ती फार महाग आहेत. धातू हा एकच मार्ग आहे असेही नाही. सांधा वाचत असेल तर रुग्णाचेच हाड काढून, त्यावर किरणोत्साराचा मोठा मारा करून, गाठ मारून तेच परत बसवतात. टाटात हे काम बरेच झाले आहे. फार लहान मुलांत घोटा उलटा फिरवून त्याचा गुडघा करण्याची शस्त्रक्रियाही आहे. पाहणाऱ्याला ते रूप चमत्कारिक वाटते, पण असा पाय कृत्रिम पावलावर दणकट चालतो आणि तो झिजत नाही. नस आणि रक्तवाहिनी गाठीने वेढली असेल, गाठ फुटून चिघळली असेल, तर पाय काढणे हाच योग्य उपचार असतो. तो उपचार नाकारून घरी परत नेलेली मुले मी गमावली आहेत. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, जयपूर फूट घराघरांत माहीत आहे. पाय गेला म्हणजे आयुष्य संपले, हे खरे नाही.

डॉक्टर मित्रांसाठी दोन शब्द. बायोप्सी ही लहान गोष्ट समजू नका. सुई किंवा छेद जिथून जातो ती सगळी वाट पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकावी लागते. आडवा छेद घेतला, भलत्या बाजूने गेलो, रक्त सगळीकडे पसरू दिले, तर वाचणारा पाय आपल्याच हाताने घालवतो. म्हणून जो शल्यविशारद शेवटची शस्त्रक्रिया करणार, त्यानेच किंवा त्याच्या सांगण्यावरून बायोप्सी व्हावी. आणि किरकोळ धक्क्याने मोडलेल्या हाडात सळई घालण्याआधी तो एक्स-रे दोनदा पाहावा. गाठीतून मोडलेल्या हाडात सळई ठोकली की रोग साऱ्या पोकळीभर पसरतो. अशी एक मुलगी माझ्याकडे सळई घालून झाल्यावर आली होती. तिचा पाय कोणालाही वाचवता आला नाही.

कुठे जायचे, याचे उत्तर आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. निदानाची सुरुवात नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्थेत होऊ शकते. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून या भागाचा आधार आहे. या रुग्णालयाचे डॉ. अशोकराव कुकडे यांना २०१९ साली मिळालेला पद्मभूषण हा त्या कामाचाच गौरव होता. तिथे कर्करोगाच्या उपचारांचीही सोय आहे. बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. निजामाच्या राज्यापासूनच्या सवयीने नांदेड, देगलूर, बिलोलीची माणसे हैदराबादलाही जातात. तरीही धातूच्या हाडाची शस्त्रक्रिया जिथे ती वरचेवर होते तिथेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घराजवळची सोय केमोसाठी, ड्रेसिंगसाठी, व्यायामासाठी वापरावी.

पैशाचे म्हणाल, तर राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत नांदेड होते. लातूरसह उरलेल्या राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेले आहे. हाडाच्या गाठींच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. कोणते हाड, किती रकमेपर्यंत, हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. नांदेड ते मुंबई सहाशे किलोमीटरचा प्रवास वारंवार करावा लागतो. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. कागदपत्रे, रेशनकार्ड, सगळ्या फिल्मा आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी एकाच माणसाकडे द्या. उपचार आठ-दहा महिने चालतात. निम्म्यात सोडलेली केमो न केल्यासारखीच असते. पेरणी, लग्न, परीक्षा, काहीही आडवे आले तरी पुढची तारीख चुकवू नका.

कंधारचा तो मुलगा आज गावाजवळच्या एका सेवा केंद्रात संगणकावर बसतो. भरतीची स्वप्ने गेली, पंगतीत त्याला खुर्चीवर बसावे लागते. गेल्या वर्षी तो बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः गाडीवरून माझ्याकडे आला होता. मी त्याला विचारले, या पुस्तिकेत काय लिहू? तो म्हणाला, ''फोटोची तारीख लिहा, सर. माझा फोटो लवकर निघाला.'' आपल्याकडे एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात.

पुढची पाने ज्यांनी लिहिली, त्यांनी सोप्या भाषेत आणि काही न लपवता लिहिली आहेत. ती सावकाश वाचा. पण तुमच्या घरात रात्री गुडघा धरून उठणारे लेकरू असेल, तर पुस्तिका बाजूला ठेवा. उद्या सकाळी आधी त्याचा फोटो काढून आणा.